दुतियम्पि म्हणजे दुसऱ्यांदा

महादुला, कोराडी रोड, नागपूर
१८ ऑगस्ट २०२५

आयुष्मती दीक्षा,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नको, सारे जिवंत आहेत. फोन घरात असताना तुझा मोठा बाबा पोस्टाच्या मागं काहून लागला, असं तुले वाटन. कारण सोपं आहे. फोनवर मी एक वाक्य बोलतो तोवर तुझी मोठी आई मधात तीन वाक्यं घालते, अन् मंग मी काय बोलत होतो ते मलेच सापडत नाही. पत्रात ती घुसू शकत नाही. शिवाय रिटायर माणसाले एखादं काम पाहिजे. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी लेआउटच्या गेटजवळ बाकावर बसून देश चालवणं, एवढं करूनही दिवस उरतेच.

जुलैत ताप आला होता, आता बरा आहे. तापात मी बेजा बडबडलो म्हणे. ‘हॉपर चोक झाला, पंप लावा’ असं ओरडत होतो. सारी नोकरी पॉवर स्टेशनची राख पाण्यात कालवून बंधाऱ्यावर पाठवण्यात गेली, आता पेन्शन सुरू झाली तरी राख काही पाठ सोडत नाही.

तुझ्या लग्नाची तारीख पक्की झाली हे ऐकून लय बरं वाटलं. एक फेब्रुवारी, रविवार. तू म्हणतेस, लग्न मोठ्या बाबानंच लावायचं. बेटा, इथली सारी लग्नं अन् बारशी मीच लावली, तुझं नावही मीच ठेवलं, सारं खरं. पण आता माझा गळा गेला. लकडगंजचे मधुकरराव आहेत न, त्यायचा आवाज माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते. ते लावतीन. मी समोर सोफ्यावर बसतो अन् फोटोत येतो.

आता मुद्द्याचं. तू मेंदूवर काम करतेस म्हणून विचारतो. माझं नाही, आपले शेजारी वामनराव, टर्बाइनवाले, त्यायचं. खोलीत जातात अन् कशाले आलो ते विसरतात. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येते अन् परत जाते. अन् चिडतात फार, मुख्य म्हणजे बायकोवर. वय माझ्याएवढंच. हे म्हातारपण आहे का दुसरं काही? त्यायले विचारायची लाज वाटते म्हणून मी विचारून राहिलो. फोनवर यातलं काही बोलू नको. मोठी आई सरळ वामनरावच्या घरी जाऊन सांगन.

तुझा,
मोठा बाबा (नागसेन)

•

बेंगळुरू
३१ ऑगस्ट २०२५

मोठे बाबा, जय भीम.

लॅबच्या पत्त्यावर तुमचं पत्र आलं. सिक्युरिटीवाल्या अण्णांनी ते कोर्टाची नोटीस असल्यासारखं दोन बोटांत धरून आणून दिलं. इथे कुणाला पत्र येत नाही. दिवसभर सगळे विचारत होते, काय झालं, काय झालं.

आधी एक सांगते. आई गांधीबागेतल्या प्रत्येक साडीवाल्याला सांगत फिरते की माझी पोरगी मेंदूची डॉक्टर आहे. मी उंदरांची डॉक्टर आहे, आणि तीही उंदीर मेल्यावर. म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूचे पातळ काप करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे, एवढंच मला येतं. तेव्हा माझं ऐकून वामनकाकांना काही खायला घालू नका.

पण तुम्ही विचारलंय ते नेमकं माझ्या कामाचं आहे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. मेंदूची राखण आणि साफसफाई, दोन्ही त्यांच्याकडे. तरुणपणी त्यांना बारीक बारीक फांद्या असतात. त्या हलवत त्या सतत आजूबाजूला चाचपत असतात. कचरा दिसला, जंतू दिसला की गिळायचा आणि काम झालं की शांत बसायचं. वय झालं की फांद्या आखूड होतात, पोटात न पचलेला कचरा साठतो, कामावर यायला उशीर होतो. आणि एकदा चिडल्या की लवकर शांत होत नाहीत. बाहेर अंगात ताप येऊन गेला, माणूस बरा झाला, तरी या आत आठवडेच्या आठवडे धुसफुसत राहतात, आणि त्या भरात मेंदूतले चांगले जोडही खातात. हे सगळं उंदरांत पाहिलंय. माणसांत किती, ते अजून नीट कुणालाच माहीत नाही. वामनकाकांना एवढ्यात ताप वगैरे येऊन गेला का, ते विचारा.

माझी मैत्रीण नंदिनी धंतोलीत मेंदूची डॉक्टर आहे. जिवंत माणसांची. तिला वामनकाकांचा नंबर दिलाय, तिच्या दवाखान्यातून फोन जाईल.

गळ्यासाठी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. मधुकरराव नकोत. बाबा असते तर माझ्या बाजूला तेच उभे राहिले असते. ते नाहीत, त्यामुळे त्यांच्या मोठ्या भावाचा आवाज मला मंडपात पाहिजे. बसलेला गळाही चालेल.

तुमची,
दीक्षा

•

महादुला
२० सप्टेंबर २०२५

आयुष्मती दीक्षा,
जय भीम.

तुझं पत्र वाचलं अन् आधी हसलो. छप्पन साली माझ्या बापानं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, नागपुरात आला, मिलमध्ये लागला. पोरानं राख साफ केली. अन् नात एवढी पीएचडी करून मेंदूतल्या सफाईवाल्यांच्या मागं लागली. आपल्या घरातून हे खातं काही सुटत नाही.

मंग मी आरशासमोर गेलो. फांद्या आखूड. पोटात न पचलेलं. कामाले उशीर. अन् एकदा चिडलं की संध्याकाळपर्यंत शांत नाही. तुझ्या मोठ्या आईले, पंचफुलाले, तेवढा भाग वाचून दाखवला. ती म्हणे, ‘त्या पोरीनं उंदीर काहून कापले, तुमचाच फोटो काढायचा होता न.’ आमचा बाकही तसाच आहे. काम कोणाले नाही अन् राखण साऱ्या लेआउटची. कोणी वाकडी गाडी लावली की आम्ही चौघंही उठून ओरडतो, अन् गाडीवाला निघून गेल्यावरही तासभर ओरडत राहतो.

वामनरावचं ऐक. तुझ्या मैत्रिणीच्या दवाखान्यातून त्यायले फोन आला, स्मरणशक्तीच्या तपासणीले या म्हणून. वामनराव लाल होऊन माझ्याकडं आले. ‘मी बह्याड झालो असं कोणं सांगितलं?’ मी म्हटलं, पेन्शनरसाठी काही योजना असन. फुकट आहे म्हटल्यावर तयार झाले, पण एकटे जात नाही म्हणे. मंग मी गेलो सोबत. बसनं गेलो, उभ्यानं. डॉक्टरीणबाईनं त्यायले शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले, घड्याळ काढायले लावलं, उलटे आकडे म्हणायले लावले. वामनरावले पैकीच्या पैकी. आता बाकावर दुसरा विषय नाही. डॉक्टरीण म्हणे असा मेंदू तिनं पाहिलाच नाही. मीही बाजूले बसून मनातल्या मनात उत्तरं देत होतो, माझीही सारी बरोबर आली. तेव्हा आता तू वामनरावची काळजी सोड. त्यायले तापही आला नव्हता.

लग्नाचं मी विचार करून लिहितो. तुझ्या आयुषची मंडळी काटोलची, संत्र्याच्या बागावाली, जुनी पाटील माणसं. त्यायची रीत वेगळी, आपली वेगळी. त्यायच्यासमोर आपली वंदना, त्यायनं कधी ऐकली नाही, कंटाळतीन, हसतीन. त्यापेक्षा कोर्टात सह्या करा अन् हॉलमध्ये जेवण द्या, असं मले वाटते. नाहीच जमलं तर मधुकरराव आहेत.

तुझा,
मोठा बाबा

•

बेंगळुरू
५ ऑक्टोबर २०२५

मोठे बाबा, जय भीम.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी मुद्दाम थांबले, कारण लगेच लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. आता थांबूनही वाईटच लिहितेय.

आधी गळा होता. मग मधुकरराव. आता ‘त्यांची रीत वेगळी’. हे सरळ का नाही सांगत की तुम्हाला आयुष नको आहे? परवा मोठी आई फोनवर म्हणाली, विजयादशमीला विहारात तुम्ही या वर्षी वंदना घ्यायला उभेच राहिला नाहीत, मागे चपलांजवळ बसलात. लोक पुतणीच्या लग्नाबद्दल विचारतील म्हणूनच ना?

आयुषची आजी, प्रयागबाई, कधी काटोलच्या बाहेर फारशी गेलेली नाही. तिने त्याला सांगितलं, ‘पोरीच्या घरची रीत असन तशी करू, मले फक्त समोरची खुर्ची पाहिजे.’ त्या म्हातारीला जमलं. आणि तुम्ही, ज्यांनी मला लहानपणी सांगितलं की आपल्या वंदनेत लाजण्यासारखं एक अक्षर नाही, तुम्ही लिहिता की हसतील.

मला वाईट वाटलं. रागही आला. तुम्ही म्हाताऱ्या पेशींवर हसलात, पण माझ्या पेशी अजून म्हाताऱ्या नाहीत आणि तरी शांत होत नाहीयेत.

मधुकरराव चालतील. त्यांना तुम्हीच सांगा.

दीक्षा

•

बेंगळुरू
२३ नोव्हेंबर २०२५

मोठे बाबा, जय भीम.

तुमचं उत्तर आलं नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

नंदिनी एका परिषदेसाठी इथे आली होती. जेवताना मी विचारलं, आमचे वामनकाका बरे आहेत म्हणे. ती म्हणाली, ‘तुझे वामनकाका माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण त्यांच्यासोबत जे गृहस्थ आले होते, त्यांना कोण पाहतंय?’ मी म्हटलं, का? ती म्हणाली की तिने वामनकाकांना शब्द सांगितले, तेव्हा बाजूच्या खुर्चीवर बसलेले ते गृहस्थही ओठ हलवून पाठ करत होते. वामनकाकांनी सगळे शब्द परत सांगितले तेव्हा ते गृहस्थ खाली पाहायला लागले. आणि त्यांच्या तळहातावर पेनाने दवाखान्याचा पत्ता लिहिलेला होता, कोराडीची बस कुठून मिळते तेही लिहिलेलं होतं. ते तिचे पेशंट नाहीत म्हणून तिने काही विचारलं नाही.

मी जेवण तसंच सोडलं.

घरी येऊन तुमची पत्रं पुन्हा काढली. पहिल्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की जुलैत ताप आला होता आणि मी तापात बडबडलो. ते वाचून मी शहाणीने तुम्हाला विचारलं, की वामनकाकांना ताप आला होता का. लॅबमध्ये नवी मुलं आली की मी त्यांना रोज दरडावते, फोटो नंतर पाहा, आधी नमुन्यावरचं नाव पाहा. आणि माझ्या घरच्या नमुन्यावरचं नाव मी वाचलंच नाही. त्यात वर रागावले, नको ते लिहिलं. म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूतली एक पेशी मला ओळखता येते, मोठे बाबा, आणि तुम्ही घाबरलात ते ओळखता आलं नाही. माझं चुकलं.

आता गळ्याचं खरं सांगा. मोठ्या आईला सांगू नको म्हणालात तर नाही सांगणार, पण तुम्ही तिला सांगाच.

तुमची,
दीक्षा

•

महादुला
४ डिसेंबर २०२५

दीक्षा बेटा,
जय भीम.

पकडला गेलो. वामनरावचं नाव वापरलं तेव्हा मले वाटलं होतं की मी लय हुशारी केली. हे खोटं पचवायले मेंदूच पाहिजे होता अन् तोच तर नव्हता.

गळ्याले काही झालं नाही. झालं ते बंटीच्या लग्नात झालं. आपल्या गल्लीतला बंटी. त्याले दुबईले जायचं होतं म्हणून पावसाळ्यातच, ऑगस्टात, लग्न उरकलं. माझा ताप उतरून थोडेच दिवस झाले होते. मी उभा राहिलो, त्रिशरण सुरू केलं. तुले माहीतच आहे. एकदा बुद्धाचं, धम्माचं, संघाचं म्हणायचं. मंग दुतियम्पि म्हणजे दुसऱ्यांदा तेच, मंग ततियम्पि म्हणजे तिसऱ्यांदा तेच, अन् पंचशील. पोरगं चड्डीत फिरते तेव्हापासून हे पाठ असते. मी ततियम्पि पुरं केलं अन् पुन्हा दुतियम्पिवर आलो. मले समजलंच नाही. लोकायनं मुकाट्यानं म्हटलं. मंग ततियम्पि. मंग पुन्हा दुतियम्पि. एवढा हॉल भरला होता, पण एकजणही म्हणाला नाही की नागसेनभाऊ, झालं आता. वंदना घेणाऱ्याले मधात टोकत नाहीत, तो म्हणन ते पाठीमागून म्हणायचं असते. लोकायले सवय आहे, माझ्याच आवाजाची लागलेली. बंटी बिचारा हात जोडून उभा होता. त्याले वाटलं असन, आजकाल लग्न असंच लांब असते. जगात दुसरा कोणी एवढ्या वेळा शरण गेला नसन.

शेवटी तुझ्या मोठ्या आईनं पहिल्या रांगेतून उठून फुलं टाकली. फुलं आशीर्वादाच्या वेळी टाकतात, पण ती टाकते म्हटल्यावर साऱ्यायनं टाकली, बँडवाल्यानं बँड वाजवला अन् लग्न लागलं. पंचशीलच झालं नाही. घरी आल्यावर ती नुसतं लग्नातल्या जेवणाचं बोलली. ते मले जास्त लागलं.

तेव्हापासून फोन उचलायची भीती वाटते. बोलता बोलता शब्द गेला तर तुले समजन. पत्रात शब्द गेला तर गेला, मी उठून पाणी पितो, चक्कर मारतो, तो आला की लिहितो. तुले वाटते मोठा बाबा किती सरळ लिहिते. एकेका पत्राले दोन-दोन दिवस लागतात.

तुझं पत्र आल्यावर पंचफुलाले सांगितलं. ती भाजी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणे, ‘मले तर तव्हाच माहीत झालं. तुमच्याच्यानं सांगणं होते का, याची वाट पाहून राहिली होती.’ मंग तीच मले धंतोलीले घेऊन गेली. घड्याळ मी काढलं, पण काटे घरी विसरलो. रक्त तपासलं, बी-बारा कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. मेंदूचा फोटो निघाला. नंदिनी म्हणे, तापानंतरची धुसफूस कधी कधी महिनोन् महिने चालते, ओसरतेही. नाहीतर ही सुरुवातही असू शकते. मार्चात पुन्हा पाहू, आज सांगता येत नाही. डॉक्टर असून ‘माहीत नाही’ म्हणाली, म्हणून मले तिचं पटलं.

आता आयुषचं. अगं, मी त्याले पहिल्याच दिवशी पास केलं होतं. घरी आला अन् मोठ्या आईच्या हातचं तिखट खाऊन डोळ्यातून पाणी गळत असताना ‘छान झालं’ म्हणाला, तव्हाच. त्याच्या जातीची मले भीती नाही. मले माझी भीती आहे. तुझा बाप माझ्यापेक्षा लहान असून आधी गेला, त्याच्या जागी उभं राहायचं अन् काटोलवाल्यांसमोर चोक झालेल्या पंपासारखं गोल गोल फिरत राहायचं. ते हसले तर तू मान खाली घालशील. ते मले पाहवणार नाही. म्हणून मधुकरराव. राग मानू नको.

तुझा,
मोठा बाबा

•

बेंगळुरू
१४ डिसेंबर २०२५

मोठे बाबा, जय भीम.

मधुकररावांना मी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. आता नागपुरात दुसरा माणूस नाही, असं समजा.

तुम्हीच उभे राहायचं. कागद हातात ठेवा, नाही ठेवला तरी चालेल. अडलात तर अडा. गोल फिरलात तर मी तुमच्या मागे गोल फिरेन, हात जोडून. बंटी करू शकतो तर मी का नाही? माझ्या लग्नाला उशीर झाला म्हणून आई पाच वर्षं रडतेय, आणखी अर्ध्या तासाने तिचं काही बिघडणार नाही.

एक मात्र आहे. इतकी वर्षं लोक तुमच्या पाठीमागून म्हणत आलेत. तुम्हाला एखाद्या दिवशी त्यांच्या पाठीमागून म्हणावं लागलं, तर तेवढं जमवा. मोठ्या आईला सांगा, फुलं माझ्या आईकडे द्यायची.

मी काय शोधलं ते विचारू नका. म्हाताऱ्या पेशी पुन्हा शांत कशा होतात, ते मला अजून सापडलेलं नाही. सापडलं की आधी तुम्हाला लिहीन, नंतर जगाला. तोवर वामनकाकांसोबत चालायला जा आणि त्यांचं मेंदूपुराण ऐका, तेवढीच तुमच्या रागाची परीक्षा.

तुमची,
दीक्षा

•

महादुला
११ फेब्रुवारी २०२६

दीक्षा बेटा, अन् आयुषराव,
दोघांयले जय भीम.

लग्नात तू तिथंच होतीस, तरी तुले लिहून राहिलो. मले हे विसरायचं नाही, अन् माझ्यापेक्षा ते तुझ्याजवळ जास्त दिवस टिकन.

मी उभा राहिलो तेव्हा कागद खिशात होता. चष्मा घरी. समोर पहिल्या रांगेत प्रयागबाई, हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, अन् डोळे माझ्यावर असे लावलेले की परीक्षेचा मास्तरही पाहत नसन. बाजूले पंचफुला. तुझ्या आईकडं फुलाचं ताट दिलंच नव्हतं तिनं, मांडीवरच होतं.

पहिल्यांदा झालं. दुतियम्पि झालं. मले जोर आला, आवाजही लागला, गळा तर कधी गेलाच नव्हता. ततियम्पि बुद्धाचं झालं, धम्माचं झालं. अन् मंग काहीच नाही. कोरं. बेटा, असं होते तेव्हा शब्द आठवत नाही असं नसते, काही आठवायचं होतं हेच आठवत नाही. पंखे फिरत होते तेवढं मले दिसत होतं. लोक माझ्या तोंडाकडं पाहून वाट पाहत होते, सवयीनं. मी काही म्हणत नाही म्हणून तेही काही म्हणत नव्हते. पंचफुलाचा हात ताटाकडं गेला. मी म्हटलं, संपलं, आता हे लग्नही अर्धंच लागते.

तेवढ्यात प्रयागबाई बसल्या जागेवरून मले, नव्या व्याह्याले, म्हणाल्या, ‘इवाई, संघाचं राह्यलं न गा.’

साऱ्या हॉलनं ऐकलं. मले वाटलं आता हसतीन. कोणी हसलं नाही. मी म्हटलं, संघाचं. अन् लोकायनं एवढ्या मोठ्यानं म्हटलं की मले त्यायच्या पाठीमागून म्हणावं लागलं. प्रयागबाईनंही म्हटलं. हसलीस ती फक्त तू, डोळे पुसत, खांदे हलवत. तुझा बाप असाच हसत होता. मले तिथं रडू आलं, पण पंचशील राहिलं होतं म्हणून थांबलो. ते पुरं म्हटलं. आशीर्वाद झाला अन् मंग पंचफुलानं वेळेवर फुलं टाकली.

जेवताना मी प्रयागबाईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, तुमचे उपकार झाले, पण तुम्हाले कसं समजलं, तुम्ही तर पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या म्हणे, ‘त्यात काय? दोन वेळा तुम्ही संघावर थांबले, तिसऱ्यांदा धम्मावरच थांबले. पूजेत आमचा गुरुजी रोजच काही न काही विसरते. काय राह्यलं ते मांगून आम्ही बायाच सांगतो. म्हटलं, इवायाकडंही तसंच असन.’ अन् पुढं वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. म्हणजे मी एवढे महिने ज्या गोष्टीले घाबरलो, चपलांजवळ बसलो, वामनरावले दवाखान्यात पाठवलं, तुले रडवलं, ती त्या बाईले रोजचीच होती.

मार्चात नंदिनीकडं जायचं आहे. ती काय सांगन ते सांगो. पंचफुला येते, अन् वामनरावही येतो म्हणतात, त्यायले पुन्हा पैकीच्या पैकी घ्यायचे आहेत. घड्याळ मी रोज काढून पाहतो. काटे कधी असतात, कधी नसतात. मात्र चिडणं कमी केलं आहे. बाकावर आता चौघांतला एक शांत बसते अन् तो मी आहे, असं पंचफुलानं स्वतः कबूल केलं.

हे पत्र मी आज पोस्टात टाकतो. पुढच्या महिन्यात हाच मजकूर पुन्हा आला, एकेक शब्द असाच, तर रागावू नको अन् फोनवर मोठ्या आईले सांगू नको. दुतियम्पि समज अन् पुन्हा वाच.

तुझा,
मोठा बाबा